दोन शुक्राणूंचे कोडे उलगडणारे थिओडोर बोव्हेरी

वंध्यत्वावरील उपचारांत प्रयोगशाळेत बीजांडाचे फलन घडविल्यानंतर सुमारे १६ ते १८ तासांनी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील केंद्रके मोजतात. मातेचे एक आणि पित्याचे एक अशी दोन दिसली, तर फलन यथास्थित झाले. तीन दिसली, तर तो भ्रूण सहसा गर्भाशयात सोडला जात नाही. अपत्याच्या प्रतीक्षेतील दांपत्याला हा निर्णय कठोर वाटतो. त्यामागील कारणमीमांसा मात्र शतकापूर्वीच जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी करून ठेवली होती.

१२ ऑक्टोबर १८६२ रोजी बाम्बर्ग येथे जन्मलेले बोव्हेरी म्युनिकला गेले ते इतिहास शिकण्यासाठी. पण लवकरच ते शरीररचनाशास्त्राकडे वळले. (त्यांचे बंधू वॉल्टर विद्युतक्षेत्रातील उद्योजक होते, ‘एबीबी’ या कंपनीच्या नावातील अखेरचे अक्षर बोव्हेरी घराण्याचेच.) १८९३ पासून ते वुर्झबर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. प्रयोगांसाठी मात्र ते नेपल्सच्या सागरी प्राणिसंशोधन केंद्रात वारंवार जात.

सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या बीजांडात दोन शुक्राणू शिरले, की गुणसूत्रांचे तीन संच जमतात आणि पेशी बहुधा एकदम चार भागांत विभागते. मग कोणत्या भागात कोणती गुणसूत्रे जातील, हे केवळ योगायोगावर ठरते. बोव्हेरी यांनी हे चारही भाग अलग करून वाढविले. निरोगी बीजांडाच्या अशा चारही भागांपासून लहानसे पण पूर्ण डिंभ तयार होऊ शकतात. येथे मात्र प्रत्येक भागाची वाढ निराळ्या रीतीने बिघडली. प्रत्येक गुणसूत्राचे कार्य स्वतंत्र असून वाढीसाठी त्यांचा पूर्ण संच लागतो, हा निष्कर्ष त्यांनी १९०२ मध्ये मांडला. मानवातही पेशीविभाजनाचे सूत्र सांभाळणारा सेंट्रोसोम शुक्राणूबरोबरच येतो, त्यामुळे दोन शुक्राणूंनी होणारा गोंधळ याच जातीचा असतो. तिसरे केंद्रक कधी बीजांडाच्या स्वतःच्या अपूर्ण विभाजनामुळेही उरते. सेंट्रोसोम हे नावदेखील बोव्हेरी यांचेच.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मार्सेला ओ’ग्रेडी १८९६ मध्ये वुर्झबर्गला संशोधनासाठी आल्या आणि पुढील वर्षी दोघे विवाहबद्ध झाले. संशोधनातही त्या पतीच्या सहकारी राहिल्या. गुणसूत्रांच्या विस्कटलेल्या वाटणीतूनच कर्करोग उद्भवत असावा, असे बोव्हेरी यांनी १९१४ च्या ग्रंथात सुचविले. तत्पूर्वी बर्लिनमधील नव्या जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद ढासळत्या प्रकृतीमुळे त्यांना नाकारावे लागले होते. १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये मार्सेला यांनी प्रसिद्ध केला.