इंग्रजी शब्दांना मराठी जोड शोधणारे मेजर थॉमस कँडी कोण होते?

'ओल्ड' या इंग्रजी शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता? 'न्यू' की 'यंग'? चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलालाही हा प्रश्न अडवतो. उत्तर सापडतं ते मराठीत आल्यावर. वस्तू जुनी असेल तर उलट नवी, माणूस म्हातारा असेल तर उलट तरुण. म्हणजे आधी अर्थ वेगळे करायचे, मग विरुद्ध शब्द शोधायचा. इंग्रजी शब्दांचे अर्थ असे वेगळे करून त्यांना मराठी प्रतिशब्द देण्याचं मोठं काम 19व्या शतकात एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पूर्ण केलं. त्यांचं नाव मेजर थॉमस कँडी.

लष्करातून शब्दकोशाकडे

कँडी यांचा जन्म 1804 साली इंग्लंडमध्ये झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात ते हिंदुस्थानात आले आणि मराठी शिकले. त्याच काळात जेम्स मोल्सवर्थ मराठी-इंग्रजी शब्दकोशावर काम करत होते. थॉमस आणि त्यांचे भाऊ जॉर्ज कँडी या कामात सामील झाले. सोबत मराठी शास्त्री-पंडित होते. 1831 मध्ये हा कोश छापून आला.

पुढचं काम उलट दिशेचं होतं, इंग्रजीतून मराठीत येण्याचं. मोल्सवर्थ यांनी ते हाती घेतलं, पण तब्येत ढासळल्याने त्यांना मायदेशी परतावं लागलं. कँडी यांनी काम पुढे नेलं आणि 1847 मध्ये इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला.

हे काम अवघड का होतं?

इंग्रजीत 'अन', 'इन', 'डिस' असे उपसर्ग लावून शब्द उलटे करता येतात. मराठीत त्यासाठी एकच किल्ली नाही. शक्यचं अशक्य होतं, हजरचं गैरहजर, लायकचं नालायक आणि कायदेशीरचं बेकायदेशीर. संस्कृतातून आलेल्या शब्दांची रीत वेगळी, फारसी-अरबीतून आलेल्यांची वेगळी. खोलच्या उलट उथळ म्हणायचं, तिथे उपसर्ग चालतच नाही. 'लाइट'चं तर त्रांगडंच आहे. हलक्याच्या उलट जड, उजेडाच्या उलट अंधार आणि फिकटच्या उलट गडद.

शाळेत अशी चूक झाली तर एखादा गुण जातो. कायद्यात तीच चूक माणसाला महागात पडू शकते. भारतीय दंडसंहितेच्या मराठी भाषांतरातही कँडी यांचा वाटा होता.

शिक्षणातला दबदबा

पुण्यातल्या संस्कृत पाठशाळेची जबाबदारी कँडी यांच्याकडे होती. हीच संस्था पुढे डेक्कन कॉलेज झाली. सरकारी शालेय पुस्तकांची मराठी भाषा तपासण्याचं कामही त्यांनी केलं. विरामचिन्हांवर त्यांनी छोटं पुस्तक लिहिलं. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवण्याचं बरंचसं श्रेय त्यांना दिलं जातं.

मग टीका का झाली?

मराठी कशी लिहायची हे एका इंग्रजाने ठरवावं का, हा प्रश्न उभा राहिला. 1874 मध्ये 'निबंधमाला' सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर मराठीला लागलेल्या इंग्रजी वळणाचे कडक टीकाकार होते. कँडी यांच्या देखरेखीखाली छापील मराठीला एक शिस्त आली, पण ती साचेबंदही झाली, असा आक्षेप पुढेही घेतला गेला.

आणखी एक मर्यादा होती. ही छापील मराठी घडली पुण्या-मुंबईत. कँडी यांचा कोश आला तेव्हा मूल हे नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होतं आणि तिथे बोलली जायची झाडीबोली. पुस्तकातली मराठी नंतर तिथल्या शाळांत पोहोचली. त्यामुळे तिथल्या मुलांना इंग्रजीच्या आधी प्रमाण मराठीही शिकावी लागते.

1877 साली महाबळेश्वर इथे कँडी यांचं निधन झालं. त्यांच्या शिस्तीबद्दल मतभेद राहिले. पण इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत आधी नीट ओळखायचा, ही त्यांच्या कोशामागची पद्धत विरुद्धार्थी शब्द शोधताना आजही कामी येते.