केरूनाना छत्रे: पंचांग आकाशाशी ताडून पाहणारे शिक्षक

पंचांगातलं गणित आणि आकाशातले ग्रह जुळत नसतील, तर चूक कुणाची? केरो लक्ष्मण छत्रे म्हणाले, गणिताची!

जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईत कुलाबा वेधशाळेत ते निरीक्षणं घ्यायला शिकले. पुढे पुण्यात गणित आणि विज्ञान शिकवलं. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिलं. गणित वेधांशी जुळलंच पाहिजे, या त्यांच्या आग्रहातून पटवर्धनी पंचांग निघालं. १८८४ मध्ये ते गेले.

त्यांची ही पद्धत आजही वर्गात वापरता येते. संकष्टीला कॅलेंडरमधली मुंबईची चंद्रोदयाची वेळ बघा. भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्यात चंद्र सुमारे अर्धा तास आधी उगवतो. का? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना आधी अंदाज बांधू द्या, मग पडताळू द्या.