डॉ. विल्यम किंग आणि सिंगरेणीचा कोळसा

आमच्या मुधोळकडे काळी माती आणि कापूस, कोळसा नाही. पण कोळशावर जगलेली घरे आमच्याकडेही आहेत. माझे मोठे मामा कोत्तागुडेमच्या खाणीत होते. सिंगरेणीच्या मुख्य थराला ‘किंग सीम’ म्हणतात. हा किंग म्हणजे कोणी राजा नव्हे, तर भूशास्त्रज्ञ डॉ. विल्यम किंग.

त्यांचे वडील आयर्लंडमध्ये गॉलवे येथे प्राध्यापक होते. जर्मनीत सापडलेल्या कवटीच्या तुकड्यावरून त्यांनी 1864 साली निआंडरथल ही मानवाची वेगळी जात ठरविली. थोड्यावरून पुष्कळाचे अनुमान करण्याची हीच विद्या मुलाने हिंदुस्थानात चालविली. 1863 साली रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याबरोबर त्यांनी मद्रासजवळ अत्तिरमपाक्कम येथे अश्मयुगीन हत्यारे शोधली.

1871 च्या सुमारास निजामाच्या राज्यात येल्लंदूजवळ त्यांना कोळसा आढळला. जमिनीवर थराची कड तेवढी दिसते. तो कोणीकडे व किती उतरत जातो हे मोजून खालच्या साठ्याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर खाणीचा खर्च मातीत जातो आणि कामगारांच्या चुली थंडावतात. प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचे किंग यांनी केलेले सविस्तर वर्णन 1881 साली प्रसिद्ध झाले. 1887 ते 1894 ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक होते. त्याच काळात, 1889 साली, येल्लंदूला खाणकाम सुरू झाले. 1920 साली सिंगरेणी कॉलरीज कंपनी स्थापन झाली.

आता थराचा ठाव घेण्यासाठी ठिकठिकाणी बोअर घेतात. दोन बोअरच्या मधल्या जागेचे काय? त्याचे गणित दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी डॅनी क्रिग यांनी 1951 साली मांडले. फ्रान्सच्या जॉर्ज मातरों यांनी पुढे त्याचे शास्त्र केले आणि त्याला क्रिग यांचेच नाव दिले. या क्रिगिंगमध्ये सामान्यतः जवळच्या बोअरला अधिक वजन मिळते, दूरच्याला कमी. अंदाज किती चुकू शकेल हेही कळते. त्यावरून नवा बोअर कोठे घ्यावा आणि खाण कोठवर न्यावी हे ठरविता येते.

किंग यांच्या हाती हे गणित नव्हते. होता हातोडा, होकायंत्र आणि पायपीट. विद्यार्थी मित्रांनो, भूशास्त्र शिकणाऱ्यांनी त्यांचा 1881 चा ग्रंथ अवश्य पाहावा. तो आपल्याच गोदावरीच्या खोऱ्याविषयी आहे.