विश्लेषण : खाल्लेले अन्न अंगी का लागत नाही? कमला सोहोनींनी काय शोधले?

जव्हार-मोखाडा म्हटले की कुपोषण आठवते. १९९२मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. अन्न किती मिळाले याइतकाच ते अंगी किती लागले, हा प्रश्नही महत्त्वाचा. या प्रश्नाचा प्रयोगशाळेत माग काढणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

जडणघडण कशी झाली?

कमला भागवत यांचा जन्म १९११चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३मध्ये पदवी घेतल्यावर बंगळूरुच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने केवळ मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. संचालक होते सी. व्ही. रामन. कमलाताई अडून बसल्या आणि वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळवला. तिथे दूध व डाळींतील प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. १९३९मध्ये पीएचडी मिळवून मायदेशी परतल्या.

डाळींत काय आढळले?

विवाहानंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक घटक अभ्यासले. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिनला हे घटक अडवतात. डाळ नीट शिजवली की त्यांचा जोर बराच ओसरतो.

शरीर पाचकरसांचा मेळ कसा राखते?

अन्न आतड्यात आले की एक संप्रेरक स्वादुपिंडातून ट्रिप्सिनसारखे पाचकरस आणि पित्ताशयातून पित्त सोडवते. पित्तातील आम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते. त्यातील सुमारे ९५ टक्के आम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून यकृताकडे परततात. त्याच वेळी आतडे यकृताला उत्पादन आवरण्याचा संदेश देते. परतणारी आम्ले घटली की उत्पादन वाढते. तीव्र कुपोषणात मात्र हा मेळ बिघडतो. पित्ताम्ले अपुरी पडली की स्निग्ध पदार्थ आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत.

नीरेचे संशोधन काय होते?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनींनी नीरेचे पोषणमूल्य तपासले. तीत जीवनसत्त्वे व लोह आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर महिलांना नीरा दिल्यावर प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्याचा अर्थ काय?

जव्हार-मोखाड्याच्या ताटात नागली, वरई, उडीद आहेत. त्यांच्या जोडीला थोडे तेल, भाजीपाला, नीट शिजवलेली डाळ आणि अतिसारावर वेळीच उपचार हवेत. वजनकाट्यावरचा आकडा तेव्हाच वर सरकतो.