वलीउल्लाह गल्लीतील शाळा
बेगम रोकेया सखावत हुसेन यांचे जीवन आणि कार्य



दरवर्षी जून महिना उजाडला की आपण मुलामुलींचे बोट धरून शाळेत जातो, नाव घालतो, पाटी-दप्तर घेऊन देतो आणि घरी परततो. हे सारे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, एके काळी मुलीला शाळेत धाडण्यासाठी एका विधवा बाईला घराघराचे उंबरठे झिजवावे लागले होते, ही गोष्ट आज खरी वाटू नये. त्या बाईंचे नाव बेगम रोकेया सखावत हुसेन. बंगालमध्ये हे नाव घरोघरी आदराने घेतले जाते. महाराष्ट्रातील आपल्या मुलामुलींनाही ते ठाऊक असावे, म्हणून हा अल्पसा परिचय.

बेगम रोकेया यांचा जन्म ९ डिसेंबर १८८० रोजी रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. घराणे जमीनदारांचे, श्रीमंत आणि धर्मनिष्ठ. वडिलांनी मुलांना कलकत्त्याच्या इंग्रजी शाळेत पाठविले. मुलींना मात्र कुरआनपठणापलीकडे फारसे काही शिकवायचे नाही, अशी घरची रीत होती. गोषा इतका कडक की, पाच वर्षांच्या रोकेयांना घरी आलेल्या परक्या बायकांपासूनसुद्धा लपून बसावे लागे.

अशा घरात त्यांना अक्षरओळख झाली ती भावंडांच्या मायेमुळे. थोरले बंधू इब्राहिम साबेर रात्री घरातील मंडळी झोपली की मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजीचे धडे देत. थोरली बहीण करीमुन्निसा यांनी बांगला भाषेची गोडी लावली. वाचकहो, येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या थोर शिक्षिकेने स्वतः शाळेचे तोंड कधी पाहिले नाही. एका भावाने बहिणीसाठी आपली झोप मोडली, त्यातून पुढे शेकडो मुलींची शाळा उभी राहिली.

पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे. परंतु विलायतेत शिकलेले आणि उदार मनाचे होते. पत्नीने वाचावे, लिहावे यासाठी त्यांनी उत्तेजन दिले. १९०५ साली रोकेया यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. तिच्यात त्यांनी असा एक देश रंगविला की, जेथे पुरुष घरात बसतात आणि स्त्रिया विद्येच्या बळावर राज्यकारभार चालवितात. कथा विनोदी वाटते खरी, पण तिचा मथितार्थ गंभीर आहे. स्त्री मागे राहिली ती बुद्धीने कमी म्हणून नव्हे, तर तिला विद्या मिळाली नाही म्हणून, हे त्यांना सांगायचे होते.

संसारसुख मात्र त्यांच्या नशिबी फार काळ नव्हते. दोन मुली झाल्या, त्या तान्हेपणीच अल्लाहला प्यारा झाल्या. पती दीर्घ आजाराने अंथरुणास खिळले. रोकेया यांनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. पण ३ मे १९०९ रोजी त्यांचे निधन झाले. रोकेया त्या वेळी अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. मरहूम सखावत हुसेन यांनी मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

पतीच्या निधनानंतर पाचच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, त्यांनी भागलपूरला पाच मुली घेऊन शाळा सुरू केली. परंतु मालमत्तेवरून सावत्र मुलीच्या कुटुंबाशी कलह उत्पन्न झाला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. दुसरी एखादी असती तर नशिबाला दोष देऊन माहेरी जाऊन बसली असती. रोकेया कलकत्त्याला आल्या आणि १६ मार्च १९११ रोजी वलीउल्लाह गल्लीतील १३ नंबरच्या घरात त्यांनी तीच शाळा पुन्हा मांडली. पटावर मुली होत्या आठ. शाळेला त्यांनी पतीचे नाव दिले – सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल.

आठ मुलींची शाळा कशी चालवायची हे त्यांना तरी कोठे ठाऊक होते? म्हणून त्या शहरातील चालू शाळांत जाऊन बसत. वर्ग कसे भरतात, हजेरी कशी घेतात, वेळापत्रक कसे आखतात हे पाहून येत आणि आपल्या शाळेत ते लागू करीत. कलकत्त्यात मुसलमान शिक्षिका मिळेनात, तेव्हा त्यांनी मद्रास, गया, आग्रा अशा दूरदूरच्या गावांहून शिक्षिका आणविल्या. ज्या बँकेत पैसे ठेवले होते ती बुडाली, तरी शाळा बंद पडू दिली नाही.

परंतु पैशापेक्षाही कठीण होते ते पालकांचे मन वळविणे. त्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरत, दारे ठोठावीत, आयाबहिणींजवळ बसून त्यांची समजूत घालीत. मुलगी गोषातच शाळेत येईल, गोषातच घरी परतेल, असा शब्द देत. ज्या बाईंनी आंधळ्या गोषाविरुद्ध लेखणी झिजविली, त्यांनी स्वतः मात्र जन्मभर बुरखा वापरला. आपल्या वागण्याचे निमित्त होऊन एकाही पालकाने मुलीचे नाव काढू नये, एवढीच त्यामागे दृष्टी होती. काही लोकांना यात विसंगती दिसते. मला त्यात एका शिक्षिकेचे शहाणपण दिसते. त्यांना वादात जिंकायचे नव्हते, मुली शिकवायच्या होत्या.

शाळेच्या गाडीची हकीगत त्यांनीच आपल्या 'अवरोधवासिनी' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मुलींना ने-आण करण्यासाठी मोटार आली. गोषा पाळला जावा म्हणून ती चहूबाजूंनी अशी बंद केलेली होती की आत ना उजेड ना वारा. पहिल्याच दिवसात मुलींचे जीव घाबरे झाले. कोणाला ओकारी झाली, कोणाला घेरी आली. आयांच्या तक्रारी आल्या. मग झडपा काढून पडदे लावले. तर आता निनावी पत्रे येऊ लागली, की वाऱ्याने पडदे उडतात, गोषा मोडतो आणि हे थांबले नाही तर वर्तमानपत्रांतून बोभाटा करू! बंद ठेवावी तर मुली गुदमरतात, उघडी ठेवावी तर लोक गुदमरतात. पालकहो, अशा पेचातून त्या बाईंनी एक दिवस नव्हे, तर वर्षानुवर्षे वाट काढली.

आणि वाट निघाली. १९१५ साली पटावर ८४ मुली झाल्या. गल्लीतील घर अपुरे पडू लागले तसतशी शाळा मोठ्या जागेत हलली. १९३० च्या सुमारास तिचे हायस्कूल झाले. कुरआनशरीफचे पठण, उर्दू, फारसी, बांगला, इंग्रजी यांबरोबरच शिवणकाम, स्वयंपाक, रुग्णसेवा, प्रथमोपचार आणि कवायत हेही विषय तेथे असत. कलकत्त्यातील खानदानी मुसलमान घरांची बोली उर्दू, म्हणून आरंभी शिक्षण उर्दूतून दिले जाई. पण ज्या मातीत आपण राहतो तिची भाषा मुलींना आली पाहिजे, असा रोकेया यांचा सततचा आग्रह होता आणि बांगलासाठी त्या शेवटपर्यंत झटल्या. मराठी मुलखात राहणाऱ्या आपणांस हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यांचे काम शाळेच्या चार भिंतींत मावणारे नव्हते. १९१६ साली त्यांनी अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम ही स्त्रियांची संस्था काढली. निराधार विधवांना मदत करणे, गरीब मुलींच्या विवाहास हातभार लावणे, झोपडपट्टीतील बायकांना अक्षरओळख करून देणे अशी कामे ही संस्था करी. मुलीची आई शिकली, सावरली तर मुलगी शाळेत टिकते, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षिकांची उणीव दूर व्हावी म्हणून त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि १९१९ साली कलकत्त्यात मुसलमान स्त्रियांसाठी सरकारी अध्यापन विद्यालय सुरू झाले.

हे सर्व करताना त्यांनी इस्लामची कास कधी सोडली नाही. इल्म मिळविणे ही आपल्या धर्माने पुरुषांप्रमाणेच स्त्रियांवरही टाकलेली जबाबदारी आहे, मग मुलीला अडाणी ठेवणारा बाप धर्माचे पालन करतो की त्याची अवज्ञा करतो, असा त्यांचा रोखठोक सवाल असे.

९ डिसेंबर १९३२ रोजी, वयाला ५२ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्या अल्लाहला प्यारा झाल्या. स्त्रियांच्या हक्कांविषयीचा एक लेख त्यांच्या मागे अपुरा राहिला. कलकत्त्याजवळील सोदपूर येथे त्यांना दफन करण्यात आले. त्यांची शाळा मात्र थांबली नाही. पुढे ती सरकारने चालविण्यास घेतली आणि आज लॉर्ड सिन्हा रोडवर ती उभी आहे. बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस रोकेया दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थी मित्रांनो, घरी लहान बहीण असेल तर रात्री थोडा वेळ तिच्यासाठी काढा. इब्राहिम साबेर यांनी याहून अधिक काही केले नव्हते. मुलींनो, तुमच्या दप्तराचे ओझे वाटू लागले तर मेणबत्तीच्या उजेडात चोरून शिकणाऱ्या त्या मुलीची आठवण करा.

आणि पालकहो, आपणांस एकच विनंती. सातवी झाली, आता पुरे. हायस्कूल लांब आहे. एकटी कशी जाणार. लोक काय म्हणतील – अशी कारणे आजही आपल्या मोहल्ल्यांतून ऐकू येतात. रस्ता लांब असेल तर चार घरांनी मिळून रिक्षा ठरवावी. काळजी वाटत असेल तर शाळेत येऊन शिक्षकांशी बोलावे. अडचण खरी असेल तर तिच्यावर तोड निघते, हे बेगम रोकेया यांनी एका गाडीच्या पडद्यांवरून दाखवून दिले आहे. फक्त नाव काढू नये. कारण एकदा पटावरून गेलेले मुलीचे नाव क्वचितच परत येते.

वलीउल्लाह गल्लीत त्या दिवशी आठच घरांनी विश्वास टाकला होता. आपल्या मोहल्ल्यात तर कितीतरी घरे आहेत. अल्लाह आपणां सर्वांना त्या विश्वासाला जागण्याची तौफीक देवो. आमीन.