पक्षिचित्रकार ऑड्युबॉन

जॉन जेम्स ऑड्युबॉन यांचा जन्म २६ एप्रिल १७८५ रोजी, आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच वसाहतीत झाला. बालपण फ्रान्समध्ये गेले. नेपोलियनच्या सैन्यातील भरती टळावी म्हणून वडिलांनी १८०३ मध्ये त्यांना अमेरिकेस धाडले. तेथे त्यांनी दुकान चालविले, गिरणी काढली. परंतु १८१९ मध्ये दिवाळे निघून तुरुंगवास घडला. पुढे पत्नी ल्यूसी यांनी अध्यापन करून संसार सावरला आणि ऑड्युबॉन बंदूक व कुंचला घेऊन अरण्यात शिरले.

उत्तर अमेरिकेतील पक्षी खऱ्या आकारात चितारण्याचा त्यांचा संकल्प होता. छायाचित्रणाची सोय नसलेल्या त्या काळात पक्षी बारकाईने न्याहाळायचा तर तो मारावाच लागे. रंग विटण्यापूर्वी ते मृत पक्ष्याला तारांच्या साहाय्याने फळीवर उडत्या वा झेपावत्या स्थितीत बसवीत आणि चित्र रेखाटीत. लंडनमध्ये १८३८ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातील ४३५ चित्रांतले चैतन्य असे मृत्यूच्या मोलाने आले होते.

हे मोल त्यांना जाणवत नव्हते असे नाही. १८३३ मध्ये त्यांनी बॉस्टन येथे एक जिवंत सुवर्णगरुड विकत घेतला. त्याला मुक्त करावे, असेही त्यांच्या मनात आले. पण कलावंताचा मोह प्रबळ ठरला. कोंडलेल्या धुरानेही तो पक्षी मरेना, तेव्हा अखेर त्याच्या हृदयात पोलादी सळई खुपसली गेली. त्यानंतर अहोरात्र काम करून ऑड्युबॉन आजारी पडले. मूळ चित्राच्या कोपऱ्यात मेलेला गरुड पाठीवर बांधून दरीवरील ओंडक्यावरून सरपटणारा एक शिकारी आहे. तो स्वतः चित्रकारच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. छापील प्रतीत मात्र ही आकृती वगळली गेली.

ऑड्युबॉन यांनी गुलाम बाळगले होते, हा त्यांच्या चरित्रावरील कलंकही नाकारता येत नाही.

१८४३ च्या मिसुरी नदीवरील प्रवासात रानगव्यांची बेसुमार कत्तल पाहून हे प्राणी नामशेष होतील, अशी भीती त्यांना वाटली. २७ जानेवारी १८५१ रोजी त्यांचे निधन झाले. केंटकीत १८१३ मध्ये ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकोळलेले त्यांनी पाहिले होते, त्या ‘पॅसेंजर पिजन’ जातीचे शेवटचे कबूतर १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. त्यापूर्वीच, १८८६ मध्ये, ल्यूसी यांच्या शाळेत शिकलेल्या जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी पक्षिसंरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली होती. तिला त्यांनी ऑड्युबॉन यांचे नाव दिले.