तलवारीकडून तंबोऱ्याकडे

आमच्या मुर्रीपासून मिरज म्हणजे महाराष्ट्राचे दुसरे टोक. तरीही बँकेच्या नोकरीत कारागिरांची कर्जप्रकरणे तपासताना मला मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर हमखास आठवत. धंदा बुडाला तरी हात बुडत नाही, हे या माणसाने दाखवून दिले.

फरीदसाहेब घराण्याने शिकलगार. शस्त्रे घडवायची, त्यांना धार लावायची, हे पिढीजात काम. इंग्रजी अंमल आला आणि तलवारीची मागणी सरली. १८५०च्या सुमारास, पटवर्धनांच्या मिरजेत, त्यांनी वाद्ये हाती घेतली. पोलादाची पारख असलेल्या माणसाला आता लाकूड पारखायचे होते.

तंबोऱ्याला भोपळा हवा पंढरपूर भागातला. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. हलक्या, तांबूस आणि नीट वाळवलेल्या. ओले लाकूड तारांच्या ताणाने वाकते, सूर ढळतो. तूण हे झाड महोगनीच्याच कुळातले, आणि १९५२ साली निघालेल्या ‘लेस पॉल’ या भरीव इलेक्ट्रिक गिटारचे धडही मुख्यतः महोगनीचे. पण तिथे तारेचा कंप चुंबक टिपतो, विजेने मोठा होतो. तंबोऱ्यात तबलीच बोलते. लाकूड चुकले तर सावरायला दुसरे कोणी नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद वाटला. आम्ही बँकेत जागा, यंत्रे तारण धरीत असू. लाकडावर बोट वाजवून त्याचा सूर ओळखणाऱ्या हाताचे मोल लिहायला अर्जात रकाना नव्हता.